शेवटचा फर्मा मास्तरांकडे

माझ्या बायकोनं लग्नानंतरच्या पहिल्या अकरा वर्षांत चारशे खुनी पकडले. हा आकडा मी कमी करून सांगतो, कारण खरा सांगितला की लोक माझ्याकडे पाहून हसतात. आणि पकडले ते जीप नसताना, शिपाई नसताना, स्टोव्हवर वरण उतू जात असताना. पुस्तकाच्या चाळिसाव्या पानाशी ती नाक मुरडायची आणि म्हणायची, "हा छत्रीवाला मामा दिसते जी." झालं. पुढची शंभर पानं मामाच्या छत्रीकडे बघत वाचायची. शेवटी मामाच निघायचा.

सत्तरच्या आसपासची गोष्ट आहे. आमची सरकारी क्वार्टरं एका ओळीत आठ, मागे कमरेएवढी भिंत, आणि आठही घरांना रहस्यकथांचं व्यसन. बर्डीवरचं वाचनालय एका वेळी एकच पुस्तक द्यायचं, तेही दुसऱ्या संध्याकाळपर्यंत. एक पुस्तक आणि वाचणारे पंचवीस. त्या काळात आमच्या ओळीत पुस्तकावरून जेवढी भांडणं झाली, तेवढी नळाच्या पाण्यावरून झाली नाहीत; आणि नळाला पाणी किती यायचं ते ज्यानं नागपूरचा मे महिना काढला आहे त्याला सांगायला नको.

यावर तोड काढली बायकोनं. तिच्या वडिलांचं नागपुरातल्या महाल भागात बाइंडिंगचं दुकान होतं. तिनं पुस्तक पालथं घातलं, दाढीच्या ब्लेडनं शिवण उसवली आणि माझ्यासमोर त्याचे दहा तुकडे ठेवले. मला घाम फुटला, तशी ती म्हणाली,

"काहून घाबरता? पुस्तक म्हणजे सोळा-सोळा पानांचे फर्मे एकावर एक ठेवून शिवलेले राहतात. उद्या वापस शिवून देतो ना मी."

मग रिवाजच पडला. पहिला फर्मा पहिल्या घरात वाचून झाला की भिंतीवरून दुसऱ्या घरात, तिथून तिसऱ्यात. दुपारपर्यंत आठही घरं एकाच पुस्तकात वेगवेगळ्या जागी असायची. तिसऱ्या क्वार्टरमध्ये जमीनदाराचं प्रेत उचलत असत आणि सातव्यात तोच जमीनदार अजून दात घासत असे. संध्याकाळी फर्मे गोळा व्हायचे, बायको जाड सुईनं ते असे शिवायची की वाचनालयाचा माणूस चकित व्हायचा. "तुमच्या घरून पुस्तक आलं का नवं होऊन येते, साहेब." काही पुस्तकं तर इतकी मजबूत झाली की दोन्ही हातांनी ओढल्याशिवाय उघडत नसत.

शेवटचा फर्मा मात्र भिंतीवरून जात नसे. तो मास्तरांकडे असे. मास्तर आठव्या क्वार्टरमध्ये राहत, शाळेत गणित शिकवत. छप्पन सालच्या धम्मदीक्षेला ऐन विशीत वडिलांच्या शेजारी उभे राहिले, तेव्हापासून त्यांनी खोटं बोलणं सोडलं होतं आणि आम्हालाही सोडायला लावत. अशा माणसाकडे खुनी सुरक्षित. त्यांचा नियम असा की आधी चिठ्ठीवर खुन्याचं नाव लिहून त्यांच्या बिस्किटांच्या डब्यात टाका, मगच शेवटचा फर्मा मिळेल. नंतर ते चिठ्ठ्या उघडत आणि वहीत बरोबर किंवा चूक लिहीत. स्वतः मास्तर पुढचं पान कधी चाळत नसत. "पुढचं पान पाहणं म्हणजे चोरीच आहे गा," म्हणत. बायकोच्या नावापुढे त्या वहीत अकरा वर्षं नुसतं बरोबर, बरोबर, बरोबर. माझ्या नावापुढे काय होतं ते मी सांगणार नाही.

तेव्हा मी ठरवलं की एक तरी खून हिच्या डोळ्यांदेखत करीन आणि हिला कळू देणार नाही. गणेशोत्सवात क्वार्टरच्या मैदानावर नाटक व्हायचं. त्या वर्षीचं नाटक मी लिहिलं. श्रीमंत मालक, त्याच्याशी इस्टेटीवरून भांडणारा धाकटा भाऊ, दोघांना अंगाखांद्यावर वाढवलेला म्हातारा नोकर, आणि इन्स्पेक्टर. सगळ्यांना भावाचा संशय येणार आणि खुनी निघणार नोकर. दुधात विष. माझ्या मते एवढा डोकेबाज खून विदर्भात तोवर कोणी लिहिला नव्हता.

धोका एकच. नटांच्या बायका माझ्या बायकोबरोबर नळावर उभ्या राहत. म्हणून मी नाटकाचेही चार फर्मे केले. तालमी पहिल्या तीन फर्म्यांच्या. त्यातही मी रोज प्रसंग मागेपुढे करायचो, म्हणजे बातमी फुटली तरी चुकीची फुटेल. चौथा माझ्या उशीखाली. नटांना सांगितलं, शेवटी मास्तर विंगेतून वाचतील, तुम्ही तसं बोला आणि तसं करा. पानांवर आकडेसुद्धा घातले नाहीत. इतकी गुप्तता संरक्षण खात्यातही नसेल.

नाटकाच्या दिवशी दुपारी मास्तरांसाठी प्रत शिवायची होती. मी दार लावून शिवत बसलो. बाहेरून बायकोचा आवाज आला, "आणा इकडं, मी देतो शिवून."

"नको! यात खुनी आहे!"

"तुम्हाले सुई धरता येत नाही जी."

"येते!" मी ओरडलो, आणि सुई बोटात गेली.

संध्याकाळी मैदान भरलं. हजार माणूस होता. बायको म्हणते दोनशे. पहिला फर्मा झकास झाला; धाकटा भाऊ इस्टेटीवरून धमकी देऊन निघून गेला. मालक खुर्चीत बसला, नोकरानं दुधाचा पेला त्याच्या हातात दिला. आता धाकटा भाऊ परत येऊन भांडणार. विंगेतून मास्तरांचा खणखणीत आवाज आला, "इन्स्पेक्टर प्रवेश करतो."

मी पहिल्या फर्म्याला चौथा शिवला होता.

इन्स्पेक्टरला वाटलं, लेखकानं पुन्हा मागेपुढे केलं. तो ताडताड आत आला आणि मास्तरांच्या मागोमाग कडाडला, "या प्रेताकडे बघ!" त्यानं बोट दाखवलं. मालक शिस्तीचा माणूस, रेल्वेत होता. त्यानं आधी मागे वळून प्रेत शोधलं, आणि प्रेत आपणच आहोत हे ध्यानात येताच मान टाकली. हातातला पेला मात्र सांडू दिला नाही.

"होय!" नोकर टाहो फोडून म्हणाला. "मीच मालकांना मारलं! याच दुधात विष घातलं!"

प्रेतानं एक डोळा उघडून भरलेल्या पेल्याकडे पाहिलं आणि तो हळूच खाली ठेवला.

मैदान एवढं हसलं की अंबाझरीच्या तलावावरचे बगळे उडाले. इन्स्पेक्टर नोकराला बेड्या घालून घेऊन गेला आणि मी पडदा पाडला. मध्यंतर. खून व्हायचा होता आणि खुनी तुरुंगात होता. मी पडद्यामागे रिकाम्या खोक्यावर बसलो. बदलीचा अर्ज कसा लिहायचा याचा विचार करू लागलो; चंद्रपूर, गडचिरोली, कुठंही चाललं असतं.

तेवढ्यात मास्तर डबा घेऊन आले. सवयीनं त्यांनी मैदानभर डबा फिरवला होता.

"मास्तर, तुम्हाला कळलं नाही का हो, हा शेवटचा फर्मा आहे म्हणून?"

"मी पुढचं पान पाहत नाही," मास्तर शांतपणे म्हणाले. "चिठ्ठ्या उघड."

सगळ्यांवर नोकर, नोकर, नोकर. एकावर लिहिलं होतं, "लेखक. त्यानं नाटकाचा खून केला." अक्षर सातव्या क्वार्टरचं होतं, मी ते विसरलेलो नाही. आणि तळाशी एक घडी केलेली चिठ्ठी, वाणसामानाच्या कागदाची. ते अक्षर मी झोपेतही ओळखलं असतं.

"नोकर खोटं बोलून राहिला. दूध अजून भरलेलंच आहे. धाकट्याच्या मनात काय आहे हे त्याला समजलं, म्हणून तो आधीच आळ आपल्या अंगावर घेऊन राहिला. मारणार धाकटा भाऊ."

मी ती चिठ्ठी तीनदा वाचली. चूक! अकरा वर्षांत पहिल्यांदा चूक! माझा खुनी नोकर होता, चौथ्या फर्म्यात पांढऱ्यावर काळं तसं लिहिलेलं होतं. जिंकलो होतो मी. फक्त जिंकायचं तर नाटक तसंच बुडू द्यायचं होतं.

बाहेर लोक टाळ्या पिटून "पडदा, पडदा" ओरडू लागले. मी मास्तरांकडून पेन्सिल घेतली आणि उरलेल्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर नवा शेवट लिहिला. पडदा उघडला. दुसरा फर्मा: भाऊ भांडला, मालक पुन्हा दूध मागून खरोखर मेला. नोकर तर कोठडीत. तिसरा फर्मा: तपास. मग नवा शेवट: इन्स्पेक्टर भावाला म्हणाला, "तुझ्यासाठी तो म्हातारा फासावर जायला निघाला!" आणि भाऊ ढसाढसा रडला. मघाशी हसलेलं मैदान असं गप्प झालं की मोदकाच्या ताटावर बसलेली माशी ऐकू यायची. नंतर लोकांनी मला खांद्यावर घेतलं. कबुली आधी आणि खून नंतर, अशी कल्पना सुचलीच कशी, म्हणून विचारू लागले. मी म्हणालो, सुचते.

मास्तरांनी वही उघडली. त्यांनी चौथा फर्मा आता वाचला होता, तेव्हा त्यांच्यापासून काही लपून नव्हतं. "वहिनींच्या नावापुढे काय लिहू?"

"बरोबर," मी म्हणालो.

"मी खोटं लिहीत नाही."

"मास्तर, स्टेजवर खून कोणी केला?"

मास्तरांनी वहीत लिहिलं, बरोबर.

घरी बायको पोळ्या लाटत होती. "माझी चिठ्ठी चुकलीच होती ना जी?"

"नाही. पहिल्यापासून भाऊच होता."

तिनं लाटणं थांबवलं, चाळिसाव्या पानासारखं नाक मुरडलं. "खोटं बोलून राहिले तुम्ही," ती म्हणाली आणि पुढची पोळी लाटायला घेतली.

पुढे ऐंशीनंतर मास्तरांकडे टीव्ही आला. खुनाच्या मालिकेला आठ घरं त्यांच्या खोलीत मावायची, डबा फिरायचा, आणि इन्स्पेक्टर बोट उचलायला लागला की नेमके लाइट जायचे. मग अंधारात कोणीतरी म्हणायचं, "वहिनी, तुमच्या चिठ्ठीत काय आहे वं?" ती सांगायची, आणि लोक तेच खरं मानून झोपायला जायचे.

क्वार्टरं आता पाडली. मास्तर गेले. नाटकाची ती प्रत माझ्याकडे आहे. माझी शिवण दुसऱ्याच दिवशी सुटली, तेव्हा बायकोनं ती उसवून नव्यानं शिवली, तिच्या त्या जाड सुईनं. फर्म्यांचा क्रम मात्र तिनं बदलला नाही: पहिला, चौथा, दुसरा, तिसरा. आणि शेवटी, माझ्या पेन्सिलीच्या चिठ्ठ्यांच्या खाली, वाणसामानाच्या कागदाचा तो तुकडाही टाके घालून बसवला. इतक्या वर्षांत एक पान हललेलं नाही. उघडायला दोन्ही हात लागतात.