देवराईची काटकी

परवा टीव्हीवर देशोदेशीची माणसं लांबलचक टेबलाभोवती बसली होती. जगातली जंगलं सगळ्यांनी मिळून राखायची, असं त्यांचं ठरलं म्हणे. बरं वाटलं हो ऐकून. आमची देवराई तर असल्या कागदावाचूनच टिकली. तिथलं वाळकं पानसुद्धा कुणी चुलीत घालत नाही.

माझी धाकटी जाऊ पारू शेजारी मोळी सोडत होती. ती एकदम थांबली. "जाऊबाई, ही काटकी देवराईतली. मोळीत अडकून आली वाटतं."

"उद्या ठेव नेऊन."

"तुम्ही झोपाल खुशाल. मला नाही झोप लागायची."

मग काय, निघालो दोघी. काटकी ऐनाची होती. त्या ऐनावर, खरं तर राईतल्या सगळ्याच झाडांवर, रस्तावाल्यांनी तोडणीसाठी लाल आकडे घातलेत. पारूनं काटकी बुंध्याशी ठेवली, हात जोडले.

"टीव्हीतल्या त्या माणसांना इथलं कुणी सांगितलं असेल का हो?"

 मी त्या आकड्यावर पदर घासून बघितला. रंग पक्का होता.