सासूबाईंनी गाडी पाहिली

माझ्या सासूबाई, भिमाबाई, चांदवडकडच्या आमच्या गावच्या सुईण. अर्ध्या गावाची नाळ त्यांनी कापलेली, म्हणून उरलेल्या अर्ध्या गावालाही त्या दटावत. मला तर रोजच! पण अशी बाई मी दुसरी पाहिली नाही.

एक्याऐंशी साली मला सातवा महिना लागला. पोटावर हात फिरवून त्या म्हणाल्या, "पोर आडवं हाय. फिरलं नाय तर नाशिकलाच न्यावं लागंल."

आदल्या वर्षी शेजारची रंगूबाई अशीच अडली होती. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून नेताना वाटेतच, सासूबाईंच्या मांडीवर, ती गेली.

आमचे हे ट्रकवर ड्रायव्हर. भाड्याने चालवायला जुनी गाडी घ्यायचं त्यांच्या मनात होतंच. कांद्याचा पैसा सासूबाईंच्या हातात, म्हणून त्याही नाशिकला निघाल्या. मला दवाखान्यात दाखवून आम्ही पंचवटीत जुन्या गाड्यांच्या गोटीराम दलालाकडे गेलो. एक फियाट, पांढरीशुभ्र, किल्ली फिरवताच सुरू. दुसरी अँबॅसिडर, दाराला गंज, ढकलल्याशिवाय सुरू होईना. ह्यांनी बॉनेट उघडली, टायरना लाथा मारल्या आणि फियाटपाशीच घुटमळू लागले.

सासूबाईंनी चपला काढल्या आणि फियाटच्या मागच्या सीटवर गुडघे उभे करून चक्क आडव्या झाल्या.

"मावशी, चक्कर आली का?" गोटीराम घाबरला.

"गप गाडी चालव. खड्ड्यातनं घे." मग ह्यांना म्हणाल्या, "मल्हारी, तू सीटपुढं खाली बस. सुईण बसती तसा."

हे तिथे मावेनात. मग अँबॅसिडरची पाळी. तिच्यात सासूबाई ऐसपैस, हेही उकिडवे बसले, वर हात हलवायला जागा! मिशीवाला सुईण बघून मी पोट धरून हसले आणि हसता हसता रडले. ही सगळी तालीम माझ्यासाठी होती.

"आई, ही रोज ढकलावी लागंल!"

"ढकलाया गावात मान्सं हायेत. सीट लांब कराया कोन येनार?"

अँबॅसिडरच घरी आली. दिवस भरले आणि कळा भर दुपारी सुरू झाल्या. पोर आडवंच होतं. कांदे काढणाऱ्या बायकांनी धावत येऊन गाडी ढकलली. सासूबाई नाशिकपर्यंत सीटपुढे खाली उकिडव्या, हात माझ्या पोटावर, तोंडाने ह्यांना शिव्या. ऑपरेशन झालं, मुलगी झाली. आम्ही दोघी वाचलो.

घरी येताना लेकीला घेऊन मी पुढे बसले. सासूबाई मागच्या सीटवर आडव्या झाल्या आणि नाशिक सुटायच्या आत घोरू लागल्या. ह्यांनी गावापर्यंत त्यांना एक खड्डा लागू दिला नाही.