हिरव्या चुड्याचा फोटो

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. पाठच्या बहिणीला नाही, जिला माझं सगळं माहीत आहे असं तिला वाटतं. देवासमोर हात जोडते तेव्हासुद्धा इकडचं-तिकडचं सगळं बोलते आणि हे तेवढं वगळते — जसं काही त्याला कळणारच नाही. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, म्हणूनच बहुतेक तोंड उघडतंय.

पेडण्याच्या बाजारात माझं बांगड्यांचं दुकान आहे. आम्ही कासार. वडिलांनंतर दुकान माझ्याकडे आलं, कारण भावाला बायकांचे हात धरत बसायचं नव्हतं — त्याला लाज वाटायची. मला नाही वाटली. लाज वाटायला हवी होती ती दुसऱ्याच गोष्टीची, पण ते पुढे.

लग्नाआधी मुलीचा चुडा भरायचा म्हणजे आमच्याकडे तो एक विधीच असतो. हिरव्या काचेच्या बांगड्या कासाराने स्वतः हातात चढवायच्या. हात सैल सोडायला सांगायचा, अंगठ्याच्या मुळाशी हलकं दाबायचं, आणि बांगडी सरकवायची. चुडा भरून झाला की नवरी कासाराच्या पाया पडते. वय कितीही असो, जात कोणतीही असो, पडते. वडील चुडा भरताना कधी मान वर करायचे नाहीत. पावसाबद्दल बोलायचे, भाताबद्दल बोलायचे, आणि घरी आल्यावर आज कोणाचे हात भरले हे आईने विचारलं तरी सांगायचे नाहीत. आम्ही हसायचो. एवढं काय गुपित असतं बांगड्यांत?

असतं. मला ते फार उशिरा कळलं.

लोक बांगड्या मोबाईलवर मागवायला लागले तेव्हा मीही दुकानाचं पान काढलं. नवरीचे भरलेले हात, मेंदी, मधूनच एखादा हसरा चेहरा. म्हापशाच्या मोठ्या दुकानांतून परत फिरून बायका माझ्याकडे यायला लागल्या, म्हणायला लागल्या, फोटो बघितला तुझा. मला त्याची चटक लागली. माझी पद्धत सांगते. "फोटो काढू?" असं मी विचारायचे, आणि उत्तर यायच्या आत काढून मोकळी व्हायचे. चुडा भरलेल्या बाईचे दोन्ही हात पुढे असतात, नवी काच सांभाळत ती बसलेली असते. ती नाही तरी कशी म्हणणार? मी यालाच विचारणं म्हणत होते.

आणि एकीला तर तेवढंही विचारलं नाही.

तिचं खरं नाव लिहीत नाही. एकदा तिला न विचारता जगाला दाखवलं तेवढं पुरे. मीना म्हणूया. मीना हळर्णची सून. नवरा अपघातात गेला तेव्हा मुलगी सहा वर्षांची होती. त्या दिवशी मीनाच्या हातातल्या बांगड्या काढल्या गेल्या त्या गेल्याच. हल्ली पुष्कळ घरांत हे कोणी मानत नाही, त्यांच्या वाड्यावर मानतात. सासूला ती मांय म्हणायची. ती, मांय आणि मुलगी, तीन बायकांचं घर. मीना मांद्र्याला एका गेस्टहाऊसमध्ये स्वयंपाक करायची, पहाटेच्या बसने जायची, अंधार पडता परत. तिथेच नळांची कामं करायला येणारा चंदगडकडचा एक माणूस होता. सात वर्षांनी तिला कोणीतरी 'जेवलीस का' असं विचारलं असावं. एवढंच मला माहीत आहे, आणि एवढंही मला माहीत असायचं कारण नव्हतं.

एका शुक्रवारी दुपारी ती दुकानात आली. एक ते साडेतीन आमचा बाजार झोपलेला असतो, मी जेवायला जायच्या तयारीत होते. आत आली, मागे वळून रस्त्याकडे बघितलं आणि म्हणाली, "शटर वायच खाली घे गो."

मी घेतलं.

सोमवारी दोघं रजिस्ट्रारकडे लग्नाची पहिली सही करणार होती, आमच्याकडे ती दोनदा होते. मोठं लग्नबिग्न काही नाही. तिला फक्त हात भरून जायचं होतं. आज माप बघायचं, काढून कागदात बांधून न्यायचं, आणि सोमवारी ऑफिसच्या पायरीवर चढवायचं. घरी अजून कोणाला ठाऊक नव्हतं. "आयतवारी मी मांयक सांगतलंय," ती म्हणाली. "मगे गावाक कळांदे."

तोवर हे दोघींतच ठेवायचं, असा त्याचा अर्थ, आणि मी हो म्हटलं. मी तिला हो म्हटलं, हे लक्षात ठेवा.

तिचा हात काय कठीण झाला होता! रोजच्या भांड्यांनी सांधे जाड झालेले, उजव्या मनगटावर तेल उडून भाजल्याचा लांबट डाग. एक बांगडी वाढली — आमच्यात फुटली म्हणत नाहीत — आणि ती एवढी दचकली की मलाच कसंतरी झालं. मग साबणाचं पाणी लावून एकेक चढवली. दोन्ही हात भरले. शटरखालून जेवढं ऊन येत होतं तेवढ्यात तिने हात धरले आणि बघत बसली. नुसते हात उलटसुलट करत राहिली. इतक्या वर्षांत इतके चुडे भरले मी, पण आपल्याच हातांकडे असं बघणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

मी मोबाईल काढला. तिला कळलंही नाही. फक्त हातच घेतले, चेहरा नाही, म्हणजे काय बिघडतं — असं मी स्वतःला सांगितलं. इतकं देखणं काहीतरी माझ्या दुकानात घडलं होतं आणि ते फक्त आम्हा दोघींनाच दिसावं, हे मला सोसलं नाही. त्यातच दुकानाचं नाव व्हावं असंही वाटत होतं. दोन्ही खरं आहे.

मग तिने बांगड्या काढून घेतल्या, कागदात बांधल्या, पाया पडली आणि साडीच्या पदराखाली पुडकं लपवून निघून गेली. संध्याकाळी मी फोटो टाकला. खाली लिहिलं, नवा संसार, हिरवा चुडा, आणि दुकानाचं नाव. कौतुकाचे शेरे यायला लागले, मी चहा पीत वाचत बसले होते.

शनिवारी सकाळी हळर्णला शेजारच्या घरी लग्नाची बोलणी चालली होती. बायका माझ्याच पानावर चुडे बघत होत्या. मीनाची मुलगी तिथे होती, तेरा वर्षांची. मोबाईल तिच्या हातात आला आणि ती आनंदाने ओरडली, "ह्यो माझ्या आयशीचो हात!"

चेहरा नव्हता ना? पण रोज जो हात तिची वेणी घालतो तो मुलगी ओळखणार नाही? त्या पोरीला काय माहीत आपण काय बोलून गेलो ते. दहा-बारा बायकांनी तो मोबाईल हातोहात फिरवला म्हणे.

दुपारच्या आत मांय माझ्या दुकानात हजर. बसने आली होती, स्टँडवरून चालत, उन्हात. या म्हातारीचा स्वतःचा चुडा माझ्या वडिलांनी भरला होता, ती मला फ्रॉकात असल्यापासून ओळखायची. दुकानात तेव्हा दोघी जणी मुलींच्या लग्नाच्या बांगड्या बघत बसल्या होत्या. मांयने त्यांच्याकडे पाहिलं नाही. आरडाओरडा केला नाही. काउंटरला धरून उभी राहिली आणि एकच विचारलं.

"तिना तुका सांगल्यान, फोटो घाल म्हणान?"

इथे थांबते जरा.

मी नाही म्हणू शकले असते. एक शब्द होता. 'नाही काकी, माझी चूक, तिला पत्तासुद्धा नाही.' म्हातारी घरी गेली असती, मीनाने तिला रविवारी सांगायचं ते शनिवारी सांगितलं असतं, रडारड झाली असती आणि निभावलं असतं. पण त्या दोघी जणी कान देऊन बसल्या होत्या. ही बाई न विचारता फोटो टाकते, असं त्या बाहेर जाऊन सांगतील, लग्नसराई तोंडावर आली आहे — एवढं सगळं माझ्या डोक्यात आलं, आणि तेवढ्यातच मी ठरवलं. म्हणजे तोंडातून चुकून निघून गेलं असंही नाही. मी विचार करून बोलले.

"होय काकी. मी इचारलंय. घाल म्हणाली."

मांयने मान हलवली.

"म्हणजे गावाक सांगल्यान. माका नाय."

एवढं बोलून ती वळली. पायरी उतरताना तिने पदर सारखा केला, ते मला अजून दिसतं. मी काय केलं असेल त्यानंतर? पहिलं काम, फोटो पुसून टाकला. मग त्या दोघींना गोठ दाखवले.

सोमवारी सही झाली नाही. मांयने मीनाला घराबाहेर काढलं नाही, शिवी दिली नाही, चंदगडच्या माणसाचं नावही घेतलं नाही. फक्त बोलणं बंद केलं; मीनाने सांगून पाहिलं, पण तिने माझाच शब्द खरा धरला. एका चुलीवरचं जेवण, एक ओटी, आणि शब्द नाही. मुलीला वाटलं हे सगळं आपण ओरडलो म्हणून झालं. ती आईजवळ झोपायची बंद झाली. मीनाने त्या माणसाला थांबायला सांगितलं, तो दोन पावसाळे थांबला आणि गावी परत गेला. तिथे त्याचं लग्न झालं असं ऐकलं.

पंधरा दिवसांनी मीना दुकानात आली होती. तेच कागदाचं पुडकं, सुतळीसकट. ते काउंटरवर ठेवलं आणि म्हणाली, "मी कधी म्हटलंय गो, घाल?"

दुकानात दुसरं कोणी नव्हतं. तेव्हा तर कोणाला भ्यायचंही कारण नव्हतं. मी बांगड्यांचे डबे लावत राहिले. लाल एकीकडे, पिवळे एकीकडे. ती बराच वेळ थांबली. "बरां," म्हणाली आणि गेली.

मी हळर्णला गेले नाही असं नाही. एकदा गेले. मांयला सगळं सांगायचं ठरवून बसमध्ये बसले, स्टॉपवर उतरले, त्यांच्या वाड्याकडे जाणाऱ्या वाटेच्या तोंडाशी उभी राहिले. समोरून कोणीतरी ओळखीचं आलं, म्हणालं, अगो तू इकडे कशी? मी म्हटलं, सहज, देवळात आले होते. आणि परतीच्या बसने घरी आले. त्या दिवशीही खोटंच बोलले, आणि तेही देवाचं नाव घेऊन.

गेल्या वर्षी मांय गेली. मी समाचाराला गेले — हो, तिथे मात्र गेले, तोंड वर करून गेले. ओटीवर शेजारची बाई माझ्या कानाशी लागून म्हणाली, "म्हातारेक कधीचां म्हायत होतां, त्या माणसाचां. सून आपणाहून कधी सांगता, वाट बघी होती."

वाट बघत होती. ऐकलंत ना? तिला राग लग्नाचा नव्हताच. रविवारी मीना जे बोलणार होती तेच ऐकायला ती महिनोन् महिने बसली होती, आणि शनिवारी मी मध्ये उभी राहिले. त्या दोघींमध्ये फक्त एक शब्द उभा होता, माझा, आणि मांय तो खरा मानूनच गेली. आता सांगून तरी कोणाला सांगू? मीनाला? तिला तर पहिल्यापासून ठाऊकच आहे.

ती अजून पहाटेच्या बसने जाते. कधी बाजारात दिसते. ती तोंड फिरवत नाही, मीच फिरवते. हात मोकळेच असतात. मुलगी पणजीला शिकते, घरी कमी येते म्हणतात.

दुकान छान चाललंय. त्या दोघींनी कोणाला काही सांगितलं नाही, सांगण्यासारखं मी त्यांना काही दिलंच नव्हतं. आता मी विचारल्याशिवाय फोटो काढत नाही, उत्तर येईपर्यंत थांबते. बायका म्हणतात, किती सभ्य आहे ही.

गेल्या महिन्यात डिचोलीहून एक मुलगी आईला घेऊन आली. बावीस-तेवीसची, हसरी. बांगड्या कशा हव्यात ते दाखवायला मोबाईल माझ्यासमोर धरून म्हणाली, "काकी, अशीच जाय काकणां. अश्शीच."

शटरखालचं ऊन. हिरवी काच. उजव्या मनगटावर तेलाचा लांबट डाग.

मी पुसला होता तो फोटो. पण कोणी कोणी आधीच घेऊन ठेवला होता, कोणी पुढे कोणाला पाठवला होता, आणि तो फिरतो आहे. ते हात कोणाचे, मी विचारलं. का विचारलं कोण जाणे. ती म्हणाली, "कोणाक म्हायत. खाली नाव तर तुमच्याच दुकानाचां."

मी तिला समोर बसवलं. हात सैल सोड म्हटलं. तशीच काच काढली, तेवढ्याच भरल्या, एकही वाढली नाही. तिने हात उन्हात धरून पाहिले, मग उठली आणि वाकून माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

मी पाय मागे घेतले नाहीत.