सम्राटाने चहा बंद केला तेव्हा

इतिहासाच्या डिपार्टमेंटमध्ये किस्से गोळा करावे लागत नाहीत, चार डोकी जमली की आपोआप साठतात. मी अमेरिकेत स्टेट कॉलेज नावाच्या गावी चीनच्या इतिहासात पीएचडी करते. हे ऐकल्यावर इथल्याच अर्विंग शहरातल्या माझ्या मावशीने पहिलं काय विचारलं, तर "अगं, मग जॉब कुठे? चीनमध्ये?"

*

चीनमध्ये एक जुनी रीत आहे. आजच्या राजाला टोमणा मारायचा, तर गोष्ट पाचशे वर्षांपूर्वीच्या राजाची सांगायची. ज्याला लागायचं त्याला लागतं, आणि सांगणारा साळसूदपणे म्हणतो, मी तर इतिहास सांगत होतो!

माझा चिनी रूममेट हाओ यात पटाईत. डिपार्टमेंटचं कॉफी मशीन बंद पडलं आणि महिना झाला तरी कुणी हलेना. तेव्हा मीटिंगमध्ये हाओ गंभीरपणे म्हणाला, "मिंग काळात एक सम्राट होता. त्याने दरबाऱ्यांचा चहा बंद केला." आमचे विभागप्रमुख स्वतः चीनच्याच इतिहासाचे. त्याच आठवड्यात नवं मशीन आलं.

*

हाओने ही गोष्ट गमतीत तो शिकवतो त्या वर्गातही सांगितली. सेमिस्टरच्या शेवटी पेपर तपासायला बसलो, तर एका पठ्ठ्याने लिहिलेलं, मिंग साम्राज्य पडलं कारण दरबाऱ्यांना चहा मिळत नव्हता.

मी शून्य देणार होते. हाओने निम्मे मार्क दिले. म्हणाला, "घटना खोटी आहे यार, पण राज्यं अशीच पडतात."

*

आमची तिसरी रूममेट मेई, तैवानची. नकाशा भिंतीवर लागला की तिचं आणि हाओचं वाजलंच म्हणून समजा. शेवटी प्रोफेसरबाईंनी शिक्षा दिली, एकमेकांच्या शाळेची इतिहासाची पुस्तकं वाचून या.

दोघं वाचून आले ते हसतच. एकच सेनापती दोन्ही पुस्तकांत हीरो होता, आणि कारणं अगदी उलटी! मला आमच्या घरचा व्हॉट्सॲप ग्रुप आठवला. तिथे एकाच लढाईवरून माझे दोन काका एकमेकांना गुड मॉर्निंगसुद्धा पाठवत नाहीत. हाओ आणि मेई मात्र त्या दिवशी एकत्र नूडल्स खायला गेले. मला फार बरं वाटलं.

*

आता हाओच्या थीसिसचं सांगते. त्याचा विषय होता, त्याच्या प्रांतात पूर्वी पडलेला मोठा दुष्काळ शाळेच्या पुस्तकांत दोन ओळींचा कसा झाला. विषय भारी होता, पण त्याचे वडील तिकडे एका लहान गावात राहतात. रिटायर्ड शिक्षक, आणि तेही इतिहासाचेच. आपण इथे लिहायचं आणि तिकडे सरकारचा त्रास त्यांना व्हायचा, या धास्तीने हाओची झोप उडाली होती. सोमवारी विषय पक्का करून कळवायचा होता, आणि त्याने ठरवलं की दुष्काळ सोडायचा, मिंग काळातल्या चिनीमातीच्या भांड्यांवर लिहायचं.

मी त्याला काय सांगणार? माझ्या बाबांना माझ्या थीसिसमुळे एकच त्रास आहे, तो लोकांना समजावून सांगण्याचा.

रविवारी सकाळी नेहमीप्रमाणे किचनमध्ये त्याच्या वडिलांचा फोन आला. हाओ चिरत होता कांदा, म्हणून फोन स्पीकरवर. मी आणि मेई तिथेच होतो; आम्हा दोघींना चिनी येतं हे त्या काकांनाही ठाऊक आहे. एरवी त्यांचं बोलणं हवा आणि जेवण यापलीकडे जात नाही. त्या दिवशी हाओने सांगून टाकलं, बाबा, विषय बदलतोय, भांड्यांवर लिहीन.

 

काका म्हणाले, "भांडी चांगलीच आहेत. पण त्या दुष्काळात तुझी आजी आमच्यासाठी भांड्यात काय शिजवायची, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पेन आहे का जवळ?"

हाओचे हात कांद्याने भरलेले होते. मेईने वही ओढली आणि म्हणाली, "सांगा काका, मी लिहून घेते."