दोन सुतांची चूक

मशीन कापताना किती लाकूड खाते, एवढंच काकांनी विचारलं होतं. मला माहीत नव्हतं. पण पंधरा वर्षं वर्गात शिकवून मास्तराला एक रोग जडतो, 'माहीत नाही' हे शब्द तोंडातून निघतच नाहीत. मी बेधडक सांगितलं, "एक सूत. तुमच्या करवतीइतकंच."

काका म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. आमच्या साखरशेत गावाकडे ओंडका कापायचा तर आधी त्यांना बोलवायचं, ही रीत. कोळशाच्या पाण्यात भिजवलेली दोरी ते ओंडक्यावर ताणायचे, चिमटीत उचलून सोडायचे, आणि काळी रेघ उमटली की मगच करवत लागायची. ओंडक्यात किती फळ्या बसतील आणि करवतीचे दात दर कापाला किती सूत, म्हणजे इंचाचे किती आठवे भाग, लाकूड खातील, सगळं त्यांच्या बोटांवर. आता मोठी करवत ओढायला माणसं मिळत नाहीत, म्हणून मी हौसेने चेनसॉ आणि तिला बसणारी लोखंडी चौकट आणली होती. चौकट हव्या त्या जाडीला लावायची आणि मशीन ओंडक्यावरून ढकलत न्यायची, की फळी सुटते. सुट्टीच्या दिवशी मी आणि काका, दोघंच कामाला जायचो.

त्या दिवशी दाभोशाला एका शेतकऱ्याचा फणस कापायचा होता. त्याच्या बापाने लावलेला, वाऱ्यात पडलेला. नव्या घराचं पुढचं दार अख्खं याच फणसाचं व्हावं, एवढीच त्याची इच्छा. इंचभर जाडीच्या दहा फळ्या हव्या होत्या. काकांनी माझ्या एका सुताच्या भरवशावर ओंडका मापला, बसतात म्हणाले आणि रेघा मारल्या.

बसल्या नाहीत. चौथ्या-पाचव्या फळीलाच मला दिसलं, की काप रेघेपासून सरकत चाललाय. भुसा झटकायच्या निमित्ताने मशीन बंद केली आणि कापाच्या फटीत पट्टी धरली. तीन सूत. मी पट्टी गपचूप खिशात घातली आणि मशीन पुन्हा सुरू केली. तेव्हा थांबून बोललो असतो तरी निम्मं निभावलं असतं. शेवटी आठ फळ्या निघाल्या आणि हातात उरला पापडासारखा एक तुकडा.

शेतकरी चिडला, चिडणारच. दहा सांगितल्या होत्या ना सर, असं त्याने मलाच विचारलं. चार शेजारी भोवती उभे होते.

"रेघा काकांनी मारल्यात," मी म्हणालो.

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. म्हणूनच ते वाक्य इतक्या पटकन सुचलं असणार. काका खाली बसून ओंडक्याच्या तोंडावरच्या रेघा पुन्हा बोटांनी मोजत राहिले, आणि मी मशीनवरचं तेल पुसत बसलो.

म्हाताऱ्याची नजर गेली, ही बातमी आमच्या आधी घरी पोचली होती. त्यानंतर काकांना कुणी बोलावेना. मीही पुढची कामं शेजाऱ्याला घेऊन केली, कारण त्यांच्यासमोर उभं राहायची हिंमत नव्हती. दोनेक महिन्यांनी जव्हारच्या बाजारात काकी भेटली. काका डोळे तपासून आले होते. "डोळे चांगले हायेत, असा डॉक्टरनं सांगितला," ती म्हणाली. "तवापासून म्हणतो, मंग माझा डोकाच गेला असंल."

बाजार तसाच टाकून मी त्यांच्याकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं, खिशात घातलेल्या पट्टीसकट. शिव्या खायची तयारी ठेवली होती. काकांनी डोळे मिटले, बोटांवर काहीतरी मोजलं आणि हसले.

"तीन सूत बोलला असतास तं पाऊण इंची धरल्या असत्या. दहा बसल्या असत्या."

मग स्वतःशीच म्हणाले, मंजे रेघ बरोबर होती. माझ्यावर रागवायचं त्यांना सुचलंच नाही, आणि मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

निघताना त्यांनी अंगणात मला थांबवलं. "त्या दाभोशेवाल्याला सांगशील का? मी येतो संगं. मी काय बोलणार नाय, निस्ता ऐकन."

येत्या रविवारी जाऊ, मी म्हणालो.

त्याला महिना झाला. माझी शाळा दाभोशाच्या पुढे आहे, रोज त्याच घरावरून जातो. तो शेतकरी 'सर' म्हणून हात करतो, मी गाडी न थांबवता हात करतो. दर रविवारी मला काहीतरी काम निघतं. काकी सांगते, रविवारी काका सकाळीच धुतलेला सदरा घालून ओट्यावर बसतात.