ताऱ्यावरचा बर्फ

"बर्फ? एवढा?" साने सर व्हिडिओ कॉलवर स्क्रीनच्या अगदी जवळ आले. "सगळ्या धूमकेतूवर?"

"डेटा तरी तसंच म्हणतोय, सर."

"मग सोमवारच्या मीटिंगमध्ये हेच दाखवतो. परदेशातल्या सगळ्या टीम असणार आहेत."

मी सांगलीला, विश्रामबागच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. शिवाय धूमकेतूजवळ पोचलेल्या एका यानाच्या स्पेक्ट्रोमीटरचा डेटा बघते. साने सर पुण्याहून आमची टीम सांभाळतात. स्पेक्ट्रोमीटर प्रकाशाचे रंग वेगळे करतो, डोळ्याला न दिसणारेसुद्धा. प्रत्येक पदार्थ आपापले ठरावीक रंग गिळतो आणि आलेखात तिथे खड्डा पडतो. कुठे खड्डा आहे त्यावरून पदार्थ ओळखायचा. आमचा खड्डा बर्फाचा होता, आणि चांगला खोल.

आनंदाच्या भरात मी घरी फोन केला, तीच चूक झाली. माझे सासरे, मामा, फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर होऊन रहिमतपूरला ऊस बघतात. त्यांनी रविवारी शाळेत माझा सत्कारच ठरवला. बॅनरही लागला : 'धूमकेतूवर बर्फ शोधणाऱ्या आमच्या सूनबाई'.

शनिवारी दुपारी सरांसाठी स्लाइड करताना मात्र खटकलं. धूमकेतू कोळशासारखा काळा असतो, एका बाजूला ऊन, दुसरीकडे सावली. तरी खड्डा सगळीकडे सारखाच खोल. उन्हातही तेवढाच बर्फ?

यान अधूनमधून एका ओळखीच्या ताऱ्याकडे बघतं. उपकरण नीट चाललंय का, ते तपासायला. मी तो आलेख उघडला.

पेटत्या ताऱ्यावरही बर्फ होता!

सरांना लगेच फोन लावला. "सर, बर्फ धूमकेतूवर नाही. आपल्या स्पेक्ट्रोमीटरच्या आरशावर आहे."

त्यांनी तोच आलेख उघडून बघितला. मग म्हणाले, "यानाच्या आवरणातली ओल असणार. यान जमिनीवर असताना शोषलेली. अंतराळात ती सुटते आणि सगळ्यात गार जागी जाऊन गोठते. आणि सगळ्यात गार आपला आरसा." मोठा सुस्कारा ऐकू आला. "हीटर लावायला सांगतो. कुणाला बोलली नाहीस ना?"

"रहिमतपूरला बॅनर लागलाय, सर."

सर इतके हसले की मलाही हसू आलं.

रविवारी माइक हातात घेतला. समोर अर्धं गाव. मी मामांचा चष्मा मागून घेतला, चहाच्या वाफेवर धरला आणि परत त्यांच्या डोळ्यांवर ठेवला.

"मामा, शाळा कशी दिसतीय?"

"धुकं पडल्यागत."

"धुकं शाळेवर आहे का?"

"न्हाई गं, काचंवर हाय."

"आमचंही तसंच झालं. आरशावरच्या बर्फाला आम्ही धूमकेतूवरचा समजलो."

मागून कुणीतरी विचारलं, "मंग धूमकेतूवर बर्फ न्हाईच म्हना की?"

"माहीत नाही. आरसा तापवला की कळेल."

मामा उठले. आता रागावतात की काय, असं मला वाटलं. ते माझ्याकडे न बघता गावाला म्हणाले, "चूक तिची तिनंच धरली. गावापुढं सांगितली. आता सत्कार करायला आनि काय पायजे? आणा रं तो नारळ!"

टाळ्या अशा पडल्या की मला डोळे पुसावे लागले.

हीटर लागला, आरसा तापला, बर्फ उडून गेला. नव्या डेटात सगळीकडचे खड्डे भरून आले होते. एका जागी मात्र खड्डा तसाच होता. धूमकेतूवरच्या एका खोल विवरात, जिथे थेट ऊन पोचत नाही, कडांवरून परतलेला अंधूक उजेड तेवढा पडतो.

व्हिडिओ कॉलवर सरांनी एवढंच विचारलं, "तारा?"

"कोरडा, सर."

मग मात्र ते खुर्चीतून उठलेच.

धूमकेतूभर बर्फाऐवजी एका विवराच्या तळाशी चिमूटभर बर्फ, एवढाच आमचा शोध. पेपर छापून आला. विद्यार्थ्यांना मी आता एकच सांगते : आलेख बघून आनंद झाला की आधी उपकरण तपासा. तपासल्यावरही आनंद उरला, तर तो आपला.