नानांनी नकार मागितला होता

मंदा माझी बाही ओढत होती तेव्हा मी नाचत होतो. समोर डीजेचा टेम्पो, कपाळाला गुलाल, घामाने अंगाला चिकटलेला झब्बा. ती काहीतरी ओरडून सांगत होती, पण त्या आवाजात स्वतःचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता. तिने वेशीकडे हात केला. मला वाटलं, कावडीला उशीर होतोय म्हणून नाना चिडले असतील. मी पंजा उंचावून दाखवला... पाच मिनिटं. आणि पुन्हा वळून नाचायला लागलो.

मंदा म्हणजे माझा चुलतभाऊ रमेश याची बायको. वेशीवर उभे होते ते नाना, तिचे सासरे, माझे चुलते. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या गावी दवाखान्यात नाना गेले. उष्माघात, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याला आता काही आठवडे झाले. माणूस गेल्यावर त्याच्याविषयी चार चांगले शब्द लिहावेत अशी रीत आहे, आणि नानांविषयी चांगलं लिहायला वह्या पुरणार नाहीत. पण लिहायला बसलो की सगळ्याच्या आधी तो माझा उंचावलेला पंजा दिसतो.

माझे वडील मी सातवीत असताना गेले. राहात्याजवळच्या आमच्या गावात पेरूची थोडी बाग होती, ती आई बघायची. मला मात्र नानांनी उचललं आणि आपल्या दुकानात बसवलं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरींत नवी तार भरून देण्याचं त्यांचं दुकान होतं. उन्हाळ्यात तिथे गिऱ्हाइकांची जत्रा असायची. पीक सुकत असल्यामुळे प्रत्येकाला आपली मोटर आजच हवी असायची. एकदा एक बागायतदार फारच डोक्यावर बसला, तर नाना हातातली तार न सोडता म्हणाले, "पाव्हनं, मोटर हाय ही, भाकर न्हाई. तव्यावर टाकली की फुगली, असं व्हत न्हाई." तो हसला आणि पायरीवर जाऊन बसला. कोणाला न दुखवता थांबवायचं कसब त्यांच्याकडे होतं. स्वतःला थांबवणं मात्र त्यांना कधी जमलं नाही. त्यांनीच मला आयटीआयला घातलं, नगरला नागापूरच्या कारखान्यात मी लागलो तेव्हा गावात पेढे वाटले, आणि पुढे मी सावेडीत घर घेतलं तेव्हा खोल्या बघत म्हणाले, "घर झ्याक हाय. पर नगरचं पानी पिऊन तुझी बोली लई पातळ झाली, दिल्या."

चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. नाना लुनावरून दोनदा पडले. दुसऱ्यांदा कोपर फुटलं, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा लुना बाहेर काढली. मी गावी गेलो, किल्ली खिशात घातली आणि नगरला घेऊन आलो. फोनवर त्यांनी मला नको नको ते सुनावलं. "बापासारखं वाढिवलं, त्याचं हेच का?" पुढच्या वेळी गेलो तेव्हा मात्र ते बागेच्या बांधावर मला एकट्याला गाठून हळूच म्हणाले, "बरं केलंस. मला बी भ्या वाटत हुतं. पर आपनच आपल्या तोंडानं कसं म्हनावं, का आता जमत न्हाई..." म्हणजे मला ठाऊक होतं. नानांसारख्या माणसाला नकार दुसऱ्याच्या तोंडून यावा लागतो, हे त्यांनी मला स्वतः शिकवलं होतं.

आमच्या गावच्या भैरवनाथाची यात्रा चैत्रात असते. मुलांच्या परीक्षा संपलेल्या, पुण्या-नगरकडे गेलेली सगळी घरं परत येतात. तरणी पोरं गोदावरीवर जाऊन कावडीने पाणी आणतात, अनवाणी, आणि त्या पाण्याने देवाला आंघोळ घालतात. कावडीला वेशीवर सामोरं जायचा मान आमच्या घरातल्या थोरल्याचा. त्याने अनवाणी उभं राहायचं, कावडवाल्यांच्या पायांवर पाणी घालायचं, आणि देवाच्या अंगावर पाणी पडेपर्यंत स्वतः पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. पूर्वी ऊन चढायच्या आत कावड गावात यायची, म्हणून कुणाचं काही बिघडत नसे. आता पुढे डीजे असतो. वाटेतल्या दर चौकात कावड थांबते. यंदाचा डीजे गावाला माझ्याकडून होता.

नाना ऐंशीकडे झुकले होते. होळीच्या सुमारास ते आमच्याकडे राहायला आले तेव्हा मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. बीपीच्या गोळीसोबत पायाची सूज उतरायला लघवीची गोळी सुरू झाली. नाना बाहेर चपला शोधत होते तेव्हा डॉक्टर मला म्हणाले, उन्हाळ्यात जपा, या गोळीने अंगातलं पाणी जातं, उपाशी-तहानलेलं ठेवू नका. मी मान हलवली. घरी येताना नाना म्हणाले, "मीठ कमी खा म्हनतो. मंग कालवनात काय टाकू, त्याच्या चिठ्ठीचा चुरा?" आम्ही दोघंही हसलो, आणि त्या हसण्यात डॉक्टरांचं बोलणं माझ्याजवळच राहून गेलं. मंदाला मी ते कधी सांगितलंच नाही.

यात्रेच्या आधी नानांचा फोन आला. तो मी इतक्या वेळा मनात ऐकला आहे की आता त्यातले श्वाससुद्धा पाठ झालेत.

"दिल्या, औंदा ऊन लई हाय रं."

"हो नाना, इकडे पण तेच."

"त्या गोळीनं सारखं जावं लागतं. वेशीवर उभं ऱ्हायचं म्हंजे..."

"तुम्ही उभे राहिल्याशिवाय कावड गावात शिरते का?"

"व्हय, ते बी खरंच. अन् पान्याचं? एखादा घोट घेतला तर..."

"एका सकाळचा तर प्रश्न आहे. आमचे नाना अजून वाघ आहेत."

"वाघ..." ते हसले. "दात पडल्याला."

मी खूश होऊन फोन ठेवला. म्हाताऱ्या माणसाला उभारी दिली, असं मला वाटलं. आज कळतं की त्यांना उभारी नको होती. सुटका हवी होती. सगळ्या घरात हा प्रश्न त्यांनी एकट्या मला विचारला, कारण लुनाची किल्ली मीच नेली होती. 'नाना, यंदा रमेशच्या पोराला उभं करा, तुम्ही पारावर सावलीत खुर्ची टाकून बसा आणि पोटभर पाणी प्या,' एवढं मी म्हणालो असतो तर त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या आणि ते बसले असते. मी ते वाक्य बोललो नाही. मला वेशीवर फेट्यातले नाना हवे होते, फोटोसाठी, पोरांना दाखवण्यासाठी.

त्या सकाळी कावड वेशीबाहेरच्या शाळेपाशी आली तेव्हाच ऊन भाजत होतं. तिथून वेस दिसते. अनवाणी पोरांचे पाय फुटले होते, रमेशच्या खांद्यावर कावड होती, आणि तो दोनदा म्हणाला, "दादा, चला आता, नाना ताटकळलेत." मी म्हणालो, "एक गाणं." मग अजून एक. मंदा येऊन गेली. ती परत धावत गेली तेव्हा मी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मग अचानक माणसं वेशीकडे पळायला लागली. नाना भिंतीला टेकून खाली बसले होते. अंग तव्यासारखं तापलेलं, पण घाम नाही. मंदाला ते विचारत होते, दुकान उघडलं का, गिऱ्हाईक खोळंबलंय. गाडी होती, ड्रायव्हर होता, पण वेशीबाहेरच्या गल्लीत डीजेचा टेम्पो आडवा अडकला होता. तो मागे घेईपर्यंत... हे वाक्य मी पुरं करू शकत नाही.

दहाव्यानंतर मंदाने मला सांगितलं. आवाज चढवला नाही, दोषही दिला नाही. ती दोनदा पाण्याचा पेला घेऊन त्यांच्यापाशी गेली होती. "नाना, घ्या घोटभर, देव काय रागावत न्हाई." त्यांनी पेला बाजूला सारला. "दिल्याला इचारलंय मी. काय होत न्हाई म्हनला त्यो."

रमेशशी बोलायला मी शब्द जमवत होतो, तर तोच माझ्याजवळ येऊन म्हणाला, "दादा, मीच हळू चाललो. पाय फुटले हुते म्हणून." त्याने माझ्यावर हात उचलला असता तर बरं झालं असतं. आता या घरात दोन माणसं एकाच मरणाचं ओझं वाहतात. त्यातल्या एकाचा काहीच गुन्हा नाही, आणि हे त्याला पटवून देणं मला जमत नाही.

वाचणाऱ्यांना उपदेश करायचा मला अधिकार नाही. पण उन्हाळ्यात तुमच्याही घरी लग्नं असतील, यात्रा असतील, आणि पहिल्या रांगेत फेटा बांधून बसवलेलं कुणीतरी म्हातारं माणूस असेल. तिथे जवळ मोरी नसते, लघवीला उठवायला कुणाला सांगायचं म्हणूनसुद्धा ती माणसं पाणी पीत नाहीत. एका माणसाने सगळं सोडून त्यांच्याजवळ बसावं. आणि ते 'ऊन लई हाय' म्हणाले, तर ते हवामान सांगत नसतात, एवढं समजून घ्यावं. मला हे समजलं, पण ज्यांच्यासाठी समजायला हवं होतं ते आता नाहीत. त्यामुळे या समजण्याचा मला काही उपयोग नाही.

सावेडीच्या घरात मागच्या खोलीत एक जुना कूलर आहे. होळीला नाना आले तेव्हा तो बंद पडला होता आणि मी नवा आणायला निघालो होतो. त्यांनी मला हाताला धरून बसवलं, फरशीवर मांडी घातली आणि दुपारभर खपून त्याची मोटर भरली. तार कुठे सैल पडू दिली नाही. उठताना गुडघे धरून म्हणाले, "चालंल आता. निस्तं आतलं पानी सपू देऊ नको. कोरडा चालला का पंप जळतो."

सुट्टीच्या दिवशी दुपारी मी त्या खोलीत पडतो. गार वारा अंगावर येतो आणि झोप लागत नाही. थोड्या थोड्या वेळाने उठतो, झाकण उघडून आत बघतो. बायको म्हणते, "अहो, आत्ताच तर भरलाय." भरलेलाच असतो. तरी मी तांब्याभर पाणी ओततो.